मदत हवी आहे: हरिकेन सीझन, सासूबाईंचं ऑक्सिजन मशीन आणि घर सोडायची वेळ आली तर?

नमस्कार मंडळी, आम्ही यंदाच फ्लोरिडात टॅम्पाला शिफ्ट झालोय आणि घर इव्हॅक्युएशन झोन ए मधे आहे, म्हणजे ऑर्डर आली की पहिले आम्हीच निघायचं. हरिकेनचा (चक्रीवादळांचा) सीझन 1 जून ते 30 नोव्हेंबर, त्यात ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जास्त धोका. 2022 च्या इयान हरिकेनमधे फोर्ट मायर्सला समुद्राचं पाणी कसं घुसलं ते बघितल्यापासून मला वाऱ्यापेक्षा पाण्याचीच जास्त भीती वाटते.

पाणी (माणशी रोज एक गॅलन धरून), टॉर्च, पॉवर बँक, कागदपत्रांची वॉटरप्रूफ पिशवी हे सगळं झालंय. फ्लड इन्शुरन्सही घेतला, सरकारी पॉलिसीला सहसा 30 दिवसांचा वेटिंग पिरियड असतो त्यामुळे कोणी थांबला असाल तर प्लीज आजच बघा.

खरी काळजी सासूबाईंची आहे. त्यांचं ऑक्सिजन मशीन लाइटवर चालतं, इन्सुलिन पण आहे, आणि वाटेत ट्रॅफिकमधे तासन्‌तास अडकलो तर मशीन कशावर चालवायचं हेच कळत नाहीये. कोणी कार इन्व्हर्टर वापरलाय का, की जास्तीचे सिलिंडर बरे? स्पेशल नीड्स शेल्टरला (मेडिकल मदत लागणाऱ्यांसाठीचा निवारा) आधी नाव नोंदवावं लागतं ते माहितीये, पण तिथे सोबत घरातल्या किती जणांना राहू देतात? मराठी सोडून त्यांना काही बोलता येत नाही, एकटं ठेवणं शक्यच नाही. की शेल्टरपेक्षा ऑर्डरची वाट न बघता आधीच किनाऱ्यापासून आत ऑरलँडोकडे हॉटेल घ्यावं? ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना घेऊन हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.