मदत हवी आहे : संविधानाच्या मूलभूत संरचनेत काय येतं, हे अकरावीच्या मुलांना कसं समजवावं?

नमस्कार मंडळी. नागपुरात इंदोऱ्याजवळच्या एका अभ्यासिकेत अकरावी-बारावीच्या मुलांसाठी २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, तासाभराचं सत्र घ्यायचं आहे.

सर्वोच्च न्यायालयातला केशवानंद भारती खटला (निकाल २४ एप्रिल १९७३, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६) आधीच सांगून झाला आहे. कलम ३६८ नुसार संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिचा गाभा, म्हणजेच मूलभूत संरचना, मोडू शकत नाही, इथवर मुलांना पटतं. उद्देशिका तर बहुतेकांना तोंडपाठ आहे. अडतं ते पुढे. एका मुलीने विचारलं, "या गाभ्यात काय काय येतं, ही यादी संविधानात कुठेच लिहिलेली नाही, मग ठरवतं कोण आणि कशावरून?" प्रश्न इतका नेमका आहे की गुळमुळीत उत्तर देऊन तिची बोळवण करायची नाही.

मिनर्व्हा मिल्स (१९८०), बोम्मई (१९९४) ही उदाहरणं माझ्याकडे आहेत, तेव्हा खटल्यांची यादी नको. इंग्रजी निकालपत्रं मुलांना झेपणार नाहीत. पक्षीय वादही नको, तो सुरू झाला की मूळ मुद्दा बुडतो.

२०१५ मध्ये न्यायाधीशांच्या नियुक्ती आयोगाची ९९वी घटनादुरुस्ती रद्द झाली. २०२२ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची १०३वी दुरुस्ती ३ विरुद्ध २ मतांनी टिकली. दोन्हींना आव्हान मूलभूत संरचनेच्याच आधारे होतं. मग एक पडली आणि दुसरी टिकली, यामागची न्यायालयाची कसोटी साध्या मराठीत, दोन-चार वाक्यांत तुम्ही कशी मांडाल?