सिझरची तारीख ठरलीय, बाईला आधी सगळं सांगावं की नाही?

खानापूरची थोरली:
आमच्या धाकट्या जाऊबाईचं सिझर ठरलंय. बाळ पायाळू आहे. तिचं माहेर चंदगड तालुक्यातलं, दवाखाना बेळगावात. तारीख कळल्यापासून तिची झोप उडालीय. घरातले वडीलधारे म्हणतात, "तिच्या कानावर काही घालू नका, धसका घेईल." मला हे अजिबात पटत नाही. धसका तिनं आधीच घेतलाय. न सांगितल्यामुळं तो वाढायलाय. कापताना सगळं दुखणार, भूल मध्येच उतरणार, असं ती मनाशी धरून बसलीय.

माझं म्हणणं, तिला क्रमानं सांगा. पाठीच्या खालच्या भागात इंजेक्शन देतात, थोड्याच वेळात पाय जड आणि गरम वाटायला लागतात. भुलीचे डॉक्टर गार काहीतरी लावून किंवा चिमटा काढून बघतात आणि बधिर झाल्याची खात्री झाल्यावरच पुढं जातात. बाई जागीच असते. दुखत नाही, पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळतं, आणि हे आधी सांगायलाच हवं. नाहीतर पहिल्या ओढीलाच तिला वाटेल की भूल लागलीच नाही. बाळ बहुतेक वेळा सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांतच बाहेर येतं, उरलेला वेळ टाक्यांना लागतो. काहींना हुडहुडी भरते, रक्तदाब उतरून मळमळतं. त्यावर औषध तिथंच देतात. पण ज्या बाईला हे ठाऊक नाही, तिला वाटतं आपलं काही खरं नाही.

निपाणीचे काका:
ताई, हेतू चांगला आहे, पण तुम्ही सगळ्या बायकांना एकाच मापानं मोजता. माझ्या लेकीला तिच्या मैत्रिणींनी असंच सगळं सांगितलं. वर मोबाईलवर ऑपरेशनचे व्हिडिओ दाखवले. त्यानंतर पोरगी जेवेना. काही माणसांना डोळे मिटून पलीकडं जायचं असतं. तोही एक धीरच आहे. त्यांना जबरदस्तीनं शहाणं करू नका.

खानापूरची थोरली:
काका, व्हिडिओ दाखवणं मलाही मान्य नाही. पोट कसं उघडतात हे तिनं बघायचं कारणच नाही. तिला स्वतःला काय जाणवेल, एवढंच मी म्हणतेय.

सिस्टर, बैलहोंगल रोड:
मी लेबर वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. दोघांचंही थोडं पटतं, पण खरी अडचण वेगळीच आहे. थेटरमध्ये आम्ही आपापसात कन्नडमध्ये बोलतो. बेळगावातल्या मराठी बाईला निदान अंदाज येतो. चंदगड, आजऱ्याकडून आलेल्या मुलीला काहीच कळत नाही. डोक्यावर दिवे, भोवती मास्कमधली माणसं, आणि आपल्याबद्दल काय बोलायलेत ते समजत नाही. निम्मी भीती तिथंच असते. म्हणून आदल्या दिवशीच डॉक्टरांना सांगून ठेवा, "हिला कन्नड येत नाही, मराठी बोलणारं कुणीतरी डोक्याशी उभं राहू दे." बहुतेक ठिकाणी अशी एखादी सिस्टर सापडतेच. सहीचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असला तर मराठीत समजावून घ्या, मगच सही करा. हे मागताना संकोच नको, तिचा हक्कच आहे. आणि भुलीच्या डॉक्टरांची भेट आधी मागा. आपण घाबरलोय हे त्यांना सरळ सांगावं. सांगितलं की ते प्रत्येक पायरीला बोलत राहतात.

शहापूरची आई:
आम्ही पंचांग बघून मुहूर्त काढला आणि सुनेच्या मनाला केवढा आधार आला! चांगल्या घटकेला बाळ येणार म्हटल्यावर ती निश्चिंत झाली. शास्त्र शास्त्राच्या जागी, श्रद्धाही हवीच की.

सिस्टर, बैलहोंगल रोड:
मावशी, श्रद्धेला माझी ना नाही. पण मुहूर्तासाठी तारीख अलीकडं ओढू नका. दुसरं काही कारण नसेल तर ठरवून करायचं सिझर साधारण ३९ आठवडे भरल्यावर करतात. त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते. डॉक्टरांनी दिलेल्या दिवसातली वेळ बघा, दिवस बदलू नका.

चिकोडीचा वाचक:
सगळे भीती घालवायच्या मागं लागलेत. सिझर हवंच आहे का, हे कुणी विचारलं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात, आणि खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. एवढा फरक कशामुळं? अशा वेळी बाई घाबरली तर तिचं काय चुकलं? तिच्या मनातला संशय भीती म्हणून उडवून लावू नका.

खानापूरची थोरली:
प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही तो विचारला. बाळ बाहेरून हातानं फिरवता येतं का, हेही विचारलं. तिच्या बाबतीत ते का नको, ते डॉक्टरांनी समजावलं. गंमत म्हणजे त्या दिवशी ती जरा शांत जेवली. कारण कळलं की मन ते स्वीकारतं. पण कारण पटल्यावरही टेबलाची भीती उरतेच, तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

निपाणीचे काका:
म्हणजे तिनं विचारलं, तुम्ही उत्तर मिळवून दिलंत. मी तेच म्हणायलोय! आधी तिला विचारा, तुला काय ऐकायचंय. न विचारता पुराण लावू नका.

वडगावची प्रिया:
माझं दोनदा सिझर झालंय. ऑपरेशनचं कुणी ना कुणी सांगतं, पण त्यानंतरचं कुणीच सांगत नाही. लघवीला नळी असते, भूल उतरली की टाके ओढतात, खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. पहिल्यांदा उठताना जीव नकोसा होतो. तरी उठायचंच, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून लवकर चालवतात. मला हे ठाऊक नव्हतं, सिस्टर छळतेय असं वाटलं होतं. आणि ते पाठीच्या इंजेक्शनानं जन्मभर कंबर दुखते म्हणून घाबरवणाऱ्या बायकांना तिच्यापासून लांब ठेवा. त्याला आधार नाही. गरोदरपणानंतर कंबर साध्या बाळंतपणातही दुखते.

निपाणीचे काका:
हे मात्र सांगाच. यात घाबरवणारं काही नाही, तयारी आहे.

खानापूरची थोरली:
काका, तुमच्या म्हणण्याप्रमाणं आज तिला विचारलं. म्हणाली, "कापायचं सांगू नका वहिनी. हुडहुडीचं, उठायचं आणि बाळ माझ्याजवळ कधी देतात, तेवढं सांगा." शेवटच्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. सिस्टर, तुमच्याकडं किती वेळात देतात?

सिस्टर, बैलहोंगल रोड:
बाळ रडलं, रंग ठीक असला की थेटरमध्येच गालाला लावून दाखवतो. छातीशी पहिल्या तासात. पण प्रत्येक दवाखान्याची रीत वेगळी, त्यामुळं हेही आदल्या दिवशी विचारून ठेवा.