बार्क पाण्यात बुडालं म्हणजे खराब, हे कुणी ठरवलं?

सालपारखी:
ऑर्किडच्या कुंडीत मातीऐवजी घालायचं बार्क, म्हणजे झाडाच्या सालीचे तुकडे, घेताना जो तो एकच सांगतो, मूठभर पाण्यात टाका, तरंगलं तर ताजं, बुडालं तर कुजकं. मला हे साफ चुकीचं वाटतं, आणि यापायी लोक चांगला माल फेकून देतात म्हणून मुद्दाम लिहितेय. पाइनची किंवा फरची साल कोरडी असली की पाण्याला जवळच करत नाही, तिच्यात मेणासारखे घटक असतात आणि आत हवा भरलेली असते, त्यामुळे माल चांगला असो की वाईट, तरंगणारच. उलट ढीग लावून नीट मुरवलेलं बार्क पाणी पटकन पितं, रंगानं काळपट दिसतं, बुडतं लवकर, पण असतं टणक.

मी काय करते, ४-५ तुकडे रात्रभर भिजवते आणि सकाळी अंगठ्याचं नख दाबून बघते. चांगल्या बार्कवर नुसता ओरखडा उठतो आणि मोडलं तर कटकन मोडतं. वाईट असेल तर ओल्या पुठ्ठ्यासारखे पदर सुटतात, बोटाला तपकिरी लगदा लागतो. पाणी चहासारखं झालं तर घाबरू नका, ते सालीतून उतरलेलं टॅनिन. वास मात्र घ्याच, राळेचा किंवा ओल्या मातीचा चालेल, आंबट आला तर नको.

कॅटलियाप्रेमी:
नाही पटलं. २ वर्षं वापरलेल्या कुंडीतलं बार्क काढून पाण्यात टाका, तळाला जातं की नाही? नवीन टाका, वर राहतं. डोळ्यांना दिसतंय ते खोटं कसं म्हणायचं? शिवाय विकत घेताना कोण रात्रभर भिजवत बसणार?

सालपारखी:
अहो पण ते जुनं २ वर्षं पाणी पीत बसलंय, बुडेल नाही तर काय! तेच आठवडाभर खडखडीत वाळवा आणि मग टाका, तरंगेल. म्हणजे तुमच्या टेस्टनं कळतं काय, तर तुकडा ओला आहे की कोरडा, एवढंच.

चाळणीवाला:
तुमचं दोघांचं भांडण एका बाजूला ठेवा, मला तर बुडण्या-तरंगण्यापेक्षा चुरा आणि पांढरं लाकूड जास्त नडतं. सालीला चिकटून आलेले लाकडाचे फिकट फाटे सालीच्या कितीतरी आधी कुजतात, आणि कुजवणारे जिवाणू-बुरशी नायट्रोजन स्वतःसाठी ओढतात म्हणून झाड पिवळं पडतं. बार्कमधल्या ऑर्किडना ३०-१०-१० खत, म्हणजे नायट्रोजन जास्त असलेलं, सांगायचे ते याचसाठी. आणि बारीक चुरा मोठ्या तुकड्यांच्या फटीत जाऊन बसला की हवा बंद. पिशवी उघडली की आधी चाळा, रोपांना ३ ते ६ मिमी, फॅलिनॉप्सिस जातीच्या ऑर्किडला १२ मिमीच्या आसपास, कॅटलिया जातीला त्याहून जाड. एकसारखा आकार नसेल तर साल कितीही टणक असू दे, उपयोग नाही.

सालपारखी:
चाळण्याचं शंभर टक्के मान्य, ते लिहायचं राहिलंच माझं.

हवेतली मुळं:
मला वाटतं तुम्ही सगळेच बार्कला फार डोक्यावर घेताय. ही झाडं निसर्गात फांदीवर वाढतात, नुसत्या कोळशावरही छान येतात. पाणी कधी द्यायचं हे कळलं तर साध्या बार्कमध्येही काही बिघडत नाही, आणि नाही कळलं तर भारीतलं भारी बार्कही वाचवणार नाही.

सालपारखी:
फांदीवर मुळं पावसानंतर भराभर सुकतात हो, कुंडीच्या पोटात नाही सुकत, आणि फरक तिथंच पडतो. माझं एक फॅलिनॉप्सिस वरून इतकं तजेलदार होतं, वरची मुळं पाणी दिलं की हिरवी आणि सुकली की रुपेरी, अगदी हवी तशी. पाणीही मी बेतानंच देत होते. सहा-सात महिन्यांत डुलायला लागलं म्हणून उपसलं तर मधे गच्च काळा गोळा, त्यातलं एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं कवच मोज्यासारखं निघून हातात आलं आणि मागे फक्त दोरा उरला. ते बार्क भिजवून नख लावून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पाणी माझ्या हातात आहे, पण ते कुंडीत किती दिवस टिकणार हे बार्कच्या हातात.

चाळणीवाला:
अजून एक, क्षारांचं. नखानं ते कळत नाही. डिस्टिल्ड पाण्यात बार्क २४ तास ठेवून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर लावा, आकडा बराच चढला तर धुऊनच वापरा. नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळणाऱ्यांनी तर नक्की बघा, त्यात क्षार पुष्कळ असतात.

सालपारखी:
हो, इथं माझं नख कमी पडतं, मीटर घ्यायला हवं.

कॅटलियाप्रेमी:
सालपारखी ताई, तुमचं वाळवायचं म्हणणं डोक्यातून जाईना. जुनं बार्क आज पेपरवर पसरून उन्हात ठेवलंय, नवीन त्याच्याच शेजारी. आठवड्यानं दोन्ही एकाच बादलीत टाकतो आणि काय होतं ते इथंच लिहितो. तोपर्यंत मी माझ्या मतावर ठाम आहे.