मदत हवी आहे: व्हायोलिन आणि पियानोवर रॅगटाइम

नमस्कार मंडळी,

माझी बहीण पियानो वाजवते, मी व्हायोलिन. सध्या आम्ही दोघी रॅगटाइमचा (ठेक्याला चकवणारं जुनं अमेरिकन पियानोसंगीत) संगीतकार स्कॉट जॉप्लिन याची ‘द एंटरटेनर’ (१९०२) बसवतोय. व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन आणि पियानोवादक आंद्रे प्रेव्हिन यांचं १९७५ चं रेकॉर्डिंग ऐकल्यापासून हे वेड डोक्यात शिरलंय. ताईचा डावा हात छान चालतो: खाली खर्जाचा सूर, वर कॉर्ड (एकदम वाजणारे सूर), घड्याळासारखा. अडतं ते माझ्याकडे.

मूळ रचना एकट्या पियानोची, त्यामुळे उजव्या हातातली धून जागोजागी अष्टकात दुहेरी लिहिलेली आहे. मी फक्त वरचा सूर घेतला तर पोकळ वाटतं, दोन तारा एकदम घेतल्या तर जड होतं. तुम्ही काय करता?

दुसरं, गजाचं. सुरुवातीच्या ‘छोटा-मोठा-छोटा’ सुरांत प्रत्येक सुराला गज बदलला की छोट्या सुरावर नको तिथे जोर पडतो. एका गजात बांधले तर सगळी ठसक जाते. शिवाय मात्रेच्या शेवटी सुरू होऊन पुढच्या मात्रेत लांबणारा सूर मी नेहमी लवकर सोडते.

लयही सांगा. रॅगटाइम जलद वाजवू नये असं जॉप्लिनने स्वतः बजावलंय, पण संथ घेतलं की आमचं रेंगाळतं.

आणि जॉप्लिनचीच ‘मेपल लीफ रॅग’ मूळ ए फ्लॅट पट्टीतच ठेवावी, की मोकळ्या तारा मिळाव्यात म्हणून जी मध्ये आणावी? कोणी वाजवली असेल तर गजाच्या खुणांसकट एखाद्या पानाचा फोटो टाकाल का?