मुलाखतींचे कोड झालेत, थीम बनत नाहीत. मदत हवी आहे (तातडीने!)

धावपळ: प्रबंधाच्या मुलाखतींतल्या तुकड्यांना दिलेले कोड (छोटी नावं) दोनशेच्या वर गेलेत. सोमवारी गाईडना थीम (कोड जुळवून निघणारे मुख्य मुद्दे) दाखवायच्यात. कुठलं सॉफ्टवेअर आपोआप गट पाडून देतं? लवकर सांगा प्लीज.

निवांत: मुलाखती कोणाच्या? किती? सिनॉप्सिसमध्ये पद्धत कोणती लिहिलीय?

फुकट_ते_पौष्टिक: एनव्हिवोवर (कोडिंगचं विकतचं सॉफ्टवेअर) पैसे घालवू नका. टॅगेट घ्या, नाहीतर क्वालकोडर. दोन्ही फुकट.

बोरूबहाद्दर: गूगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आहे, टायपिंगचा वेळ वाचेल.

धावपळ: टाइप झालंय हो सगळं! बीडचे ऊसतोड कामगार, २२ मुलाखती, थिमॅटिक ॲनालिसिस.

निवांत: थीम सॉफ्टवेअर शोधत नाही, ते फक्त तुकडे नीट लावून ठेवतं. चार-पाच कोड टाका इथे.

धावपळ: 'मुकादम' (मजुरांची टोळी आणणारा), 'उचल' (त्याच्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम), 'शाळा', 'आरोग्य', 'उचल फिटली नाही'.

निवांत: 'शाळा', 'आरोग्य' ही तुमच्या प्रश्नावलीतली शीर्षकं. त्यावरून कोण काय म्हणालं ते कळत नाही. 'उचल फिटली नाही' हा खरा कोड. आता 'आरोग्य'खालचे तुकडे परत वाचा. उचल कोयत्यावर, म्हणजे जोडप्यावर मिळते. बाई आजारी पडली की खाडा (कामाला गैरहजेरी), खाड्याचा दंड, आणि तो उचलीत चढतो. असं कोणी बोललं असेल तर आजारपण आणि कर्ज वेगळे गट राहतच नाहीत.

आकडेमोड: दुसऱ्या कोणाकडून कोडिंग तपासून घेतलंय का? कप्पा (दोघांचं कोडिंग किती जुळतं त्याचा आकडा) काढला नाही तर व्हायव्हात सोलून काढतील.

निवांत: ब्राउन-क्लार्क (२००६) यांची थिमॅटिक ॲनालिसिसची पद्धत धरून चालले असतील तर कप्पा कशाला? रिफ्लेक्सिव्ह, म्हणजे संशोधकाच्या स्वतःच्या वाचनावर उभ्या पद्धतीत तो बसत नाही, असं त्या दोघींनीच पुढे लिहिलंय. त्यापेक्षा कोणता कोड कशात आणि का मिसळला, याचे मेमो ठेवा.

आकडेमोड: म्हणजे ज्याला जे वाटेल ते थीम? छान आहे.

साखरपट्टा: विषय निघालाच आहे तर, हार्वेस्टर आल्यावर या टोळ्यांचं काय होणार?

फुकट_ते_पौष्टिक: त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

धावपळ: 'आरोग्य' उघडलं. खाडा बऱ्याच जणींच्या बोलण्यात आहे, मी तो 'मजुरी'त टाकला होता. आणखी एक, २२ पैकी ४ मुलाखती मुकादमांच्या आहेत. त्या यातच धरू ना?

निवांत: हे आत्ता सांगताय? आधी वेगळ्या काढा. मुकादम 'उचल' म्हणतो तेव्हा तो बुडालेल्या पैशांबद्दल, पळून गेलेल्या टोळीबद्दल बोलत असतो. तुम्ही दोन्ही एकाच कोडखाली कोंबलंय, मग थीम बनणार कशी?