मधुमेही पायाची जखम : उपचारांच्या खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

सप्रेम नमस्कार. वडिलांच्या तळपायाला, अंगठ्याच्या बुडाशी, जखम होऊन ६ आठवडे झाले आहेत. पाय बधिर असल्याने मोज्यावर डाग दिसेपर्यंत ती कुणालाच कळली नव्हती. रक्तपुरवठा चांगला आहे, जंतुसंसर्गही नाही. चांदीयुक्त, म्हणजे जंतुनाशक, ड्रेसिंग सुचवले गेले आहे; एका पट्टीची किंमत फारशी वाटत नाही, परंतु ती किती महिने बदलत राहावी लागेल, हे कोणी सांगत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मात्र अशा जखमेसाठी गुडघ्यापर्यंतच्या, रुग्णाला स्वतः काढता न येणाऱ्या, जखमेवरचा भार हलका करणाऱ्या साधनाला (उदा. प्लास्टरला) पहिली पसंती देतात आणि केवळ जखम भरावी म्हणून जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नये असे सांगतात. त्यामुळे हिशेब पट्टीमागे न करता जखम पूर्ण भरेपर्यंतचा करावा, असे मला वाटते. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उद्भवतात, म्हणून विशेष पादत्राणांचा खर्चही त्यातच धरावा का? असे प्लास्टर वापरलेल्यांनी ते किती वेळा बदलावे लागले, तोल सांभाळणे जमले का आणि एकूण खर्चात खरोखर बचत झाली का, हे कृपया सविस्तर कळवावे.