पेटी उघडायची घाई नको
मधमाश्यांच्या पेटीच्या दारात आठवडाभर हालचाल नाही, उघडून बघू का, असं विचारलंत. अहो, मिशिगनच्या फेब्रुवारीत नका उघडू! आत माश्या एकमेकींना बिलगून, गोळा करून बसलेल्या असतात. राणीने अंडी घालायला सुरुवात केली असेल तर गोळ्याच्या मध्यभागी 35 अंशांच्या आसपास ऊब धरून ठेवतात. झाकण काढलं की ती क्षणात जाते.

संध्याकाळी वारा पडला की पेटीला कान लावा आणि बोटाने एकदाच टकटक करा. आतून भुर्रर्र असा आवाज उठून विरला, तर जीव आहे. काल माझ्या तिसऱ्या पेटीतून तो आला आणि डोळेच भरून आले. बर्फावर पिवळे ठिपके, चार मेलेल्या माश्या दिसल्या तरी घाबरू नका. ऊन पडलं की आतल्या माश्या पोट साफ करायला बाहेर येतात.

मग पेटी मागून किंचित उचला. हलकी लागली तर उन्हाचा दिवस गाठून झटकन झाकण काढून आतल्या पोळ्यांच्या चौकटींवर वर्तमानपत्र पसरा, त्यावर कोरडी साखर. खरी उपासमार मार्चमध्ये होते: अळ्या वाढत असतात, फुलं कुठेच नसतात. आवाज आलाच नाही तर उबदार दिवशी खात्री करा आणि पेटी मेलेली निघाली तर दार बंद करा, नाहीतर दुसऱ्या माश्या मध लुटतील, रोगही नेतील.